आक्काच्या मापाचं पोलकं

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालंय. कोणती वेलांटी कुठे द्यायची हे मला अजून नीट कळत नाही, आणि माझं अक्षर ओळीवर सुरू होऊन ओळीखाली उतरत जातं. ही वही चुकून कोणाच्या हाती लागली तर त्याने राग मानू नये, नाही आलं वाचता तर ठेवून द्यावी. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडतो, सुनेच्या माहेरची माणसं आली तरी मी स्वयंपाकघरातच बरी असते. लिहिताना समोर कोणी नसतं म्हणून जमतं. लिहायला बसले त्याला कारण झालं माझ्या थोरल्या बहिणीचं, शालनआक्काचं, पुस्तक. आक्का टेनिसची चँपियन. आधी राज्याची झाली, मग देशाची, परदेशातही खेळून आली. तिची हकीगत लिहून घ्यायला पुण्याचा एक मुलगा येतो. त्याने बारामतीच्या दिवसांचा भाग मला फोनवर वाचून दाखवला. त्यात मी एका ओळीत आहे. धाकटी बहीण मंदा बॉल वेचून देई, अशी ती ओळ. खोटी नाही. वेचत होतेच.

आमचे आबा बारामतीला कालव्याच्या साहेबांच्या बंगल्यावर माळी होते. बंगल्याच्या कुंपणाला लागून आमच्या दोन खोल्या. दारातून कालवा दिसायचा, आणि पाणी सोडलेलं असलं की रात्रंदिवस त्याचा एकसारखा आवाज कानात असायचा, पाणी बंद झालं की उलट झोप यायची नाही. बंगल्याच्या मागे टेनिसचं कोर्ट होतं, मुरमाचं. आबा त्याच्यावर दगडी रूळ फिरवायचे, तो कुरकुरत फिरायचा. मग आई आणि मी शेणामातीचा काला करून अंगण सारवावं तसं ते अख्खं कोर्ट सारवायचो. हाताच्या कमानी सगळीकडे उमटायच्या. वाळलं की आबा दोरी धरून चुन्याच्या रेघा मारायचे. सणावाराला घर सारवायचं राहून जायचं, पण कोर्ट राहायचं नाही. ताज्या सारवणावर बॉल उसळत नसे, सरपटत येई. तो मारायचा तर गुडघ्यात पार वाकावं लागे. आक्का त्याच्यावर शिकली. पुढे पुण्याच्या मुली म्हणायच्या, ही इतका खालचा बॉल कशी उचलते. आक्का आता भाषणात सांगते की ती देवाची देणगी होती. आईचे दोन्ही तळवे भेगाळलेले असायचे. ती देणगी कोणाची ते तिथे कोण विचारणार.

बदलून आलेले साहेब टेनिसचे वेडे होते. संध्याकाळी ते आणि त्यांचे पाहुणे खेळायचे, आम्ही दोघी बहिणी कडेला उभ्या राहून बॉल वेचून द्यायचो. एके दिवशी आक्का कालव्यावरून कपडे धुऊन येत होती. डोक्यावर पिळ्यांची बादली, हातात धोपाटणं. साहेबांचा एक बॉल जाळीवरून उडून तिच्या अंगावर आला, आणि तिने डोक्यावरची बादली एका हाताने सावरून दुसऱ्या हातातल्या धोपाटण्याने तो असा परत मारला की तो साहेबांच्या पायाशीच जाऊन पडला. आबा गुलाबाच्या वाफ्यातून धावत आले.

"चुकली साहेब, पुन्यांदा न्हाय मारायची ती."

"माळीबुवा, गप बसा," साहेब म्हणाले. "पोरी, बादली खाली ठेव. परत मार बघू."

त्या दिवसापासून आमच्या घराला दुसरा देव झाला. साहेबांनी आपली जुनी लाकडी रॅकेट दिली. ती वाकडी होऊ नये म्हणून तिला चौकटीत घालून चारी कोपऱ्यांत स्क्रू आवळून ठेवायची असायची. ती खुंटीला देवाच्या फोटोशेजारी टांगलेली असे. साहेबांनी सांगितलं, मुलीला दूध पाहिजे, अंडी पाहिजेत. आबांच्या गळ्यात माळ होती, आमच्या चुलीला कधी अंडं लागलं नव्हतं. मग कोर्टाच्या मागे तीन दगड मांडून, एका डब्यात मी तिच्यासाठी अंडी उकडायची, तिथेच सोलायची, टरफलं केळीच्या बुडाशी पुरायची आणि हात राखेने घासून घरात यायची. तरी वास राहायचाच. आबा ताटावर बसले की मला म्हणायचे, "मंदे, तू लांब बस गं." अंडी आक्का खायची, लांब मी बसायची. दुधाची साय पण तिची. शेंगदाणे-गुळाचे लाडू डब्यात असायचे, ते आई मोजून ठेवत नसे, पण मला माहीत होतं कोणाचे आहेत. आईला आणि मला भाकरी आणि तिखट. आई म्हणायची, आपल्याला कुठं पळायचंय.

त्याच उन्हाळ्यात मी चौथी पास झाले. बाईंनी वर्गात माझ्या पाठीवर हात ठेवला होता, तो हात मला अजून आठवतो. पण सकाळी आक्काला समोरून बॉल टाकायला कोणीतरी लागायचं. साहेब कामावर, आबा बागेत, आई बंगल्यावर भांड्यांना. आई म्हणाली, "औंदा ऱ्हाऊ दे शाळा. आक्काचं मार्गी लागू दे, मग जा." मी टोपली घेऊन उभी राहू लागले. एक बॉल तिच्या उजव्या हाताला, एक डाव्या हाताला, टोपली रिकामी झाली की वेचायची आणि पुन्हा. बाई कालव्याच्या रस्त्याने घरी जायच्या. कुंपणापाशी थांबून त्या एकदा म्हणाल्या, "अगं मंदा, सातवीची परीक्षा बाहेरून देता येते. पुस्तकं मी देते. घरी वाच." तेव्हा सातवी पास बाईला मान होता. बालवाडीत, दवाखान्यात, कुठेतरी कामाला लागता यायचं. त्यांनी खरंच पुस्तकं आणून दिली. मी ती गोधडीखाली ठेवायची आणि दुपारी आक्का झोपली की वाचायची. मला दुसरं काही नको होतं. मला खेळायची हौस नव्हती, मला नीट पळताही यायचं नाही. मलाही रॅकेट दिली असती तर मी काही झाले असते, असं मी म्हणत नाही. मला सातवी पास व्हायचं होतं, एवढंच.

पैशाचं ओझं साहेबांच्याने सगळं पेलणारं नव्हतं. रॅकेटच्या तारा तुटायच्या, बूट झिजायचे, पुण्याला स्पर्धेला जायचं, तिथे शिकवणारे निराळे. मग इंदापूरहून मामा आले. आईचे थोरले भाऊ. भीमेच्या काठाला त्यांचा ऊस, दारात ट्रॅक्टर, माणूस मोकळ्या हाताचा. ओसरीवर मांडी घालून त्यांनी आबांना सांगितलं, "दाजी, काळजी करू नका. कारखान्याचं बिल आलं की पैलं भाचीचं, मग बाकीचं. पर शालन माझ्या रघूची. आत्ताच बोलून ठिवतो." आमच्याकडे भाची मामाच्या घरात देतात, त्यात कोणाला नवल वाटलं नाही. आबांनी मान हलवली, आईने डोळे पुसले. आक्का तिथेच बसून लाडू खात होती. ती हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. रात्री आई माझ्या कानात म्हणाली, "आक्का इंदापूरला नांदायला गेली की तुला बसवते परीक्षेला. मग तुला कोन अडवतंय." म्हणून मी त्या लग्नाची वाट नवरीपेक्षा जास्त बघत होते.

आक्का खरीच मोठी खेळाडू होती. हे लिहिताना हात अडखळतो, पण खोटं कशाला लिहू. एकदा पुण्याच्या स्पर्धेला आईने मला तिच्याबरोबर धाडलं, भाकऱ्या करून द्यायला. फायनल मी कुंपणाच्या जाळीबाहेरून बघितली. समोरची मुलगी गोरी, उंच, तिचे वडील खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होते. आक्का पहिला सेट वाईट हरली. सगळे म्हणाले, संपलं. मग मी बघितलं, प्रत्येक पॉइंटनंतर आक्का मागे जायची, तोंड जाळीकडे करायची, रॅकेटच्या तारा नखाने एकेक सरळ करायची. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी हळूच म्हटलं, "आक्का, पाणी हवं?" तिने माझ्याकडे बघितलं, पण तिला मी दिसले नाही. वळली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता, जसा काही खेळ आत्ताच सुरू होतोय. साहेब तिला तेच शिकवायचे, झालेला पॉइंट विसरायचा, पुढचा बॉल बघायचा. ती विसरत गेली आणि जिंकत गेली. लोक विचारतात, तिच्यात असं काय होतं? मेहनत मीही केली, आईने केली. तिच्यात विसरायची ताकद होती. ती आम्हा कोणात नव्हती.

देशाची चँपियन होऊन आली तेव्हा बंगल्याच्या फाटकापासून तिची मिरवणूक काढली, हलगी लावली. त्याच आठवड्यात तिला दूरच्या शहरात नोकरीचं बोलावणं आलं. खेळाडूंसाठीची नोकरी, सरावाची सोय तिथेच. आणि दोन दिवसांनी मामांची जीप दारात उभी राहिली. मामा, मामी, आणि मामांचा मुलगा. यांचं नाव आता मला घेता येत नाही, तेव्हा आम्ही सगळे रघू म्हणायचो. मामीच्या हातात परडी होती. त्यात नारळ, साखरेचा पुडा, हिरवी साडी, आणि साडीवर शिवून आणलेलं पोलकं. माप आईने आधीच कळवलं होतं. आक्काचा उजवा दंड खेळून खेळून डाव्यापेक्षा जाड झाला होता, म्हणून उजवी बाही सैल ठेवा, असा निरोप धाडला होता. शिंप्याने तशी ठेवली होती.

आक्का उंबऱ्यावर बसून कॅनव्हासच्या बुटांना पांढरं लावत होती. आई म्हणाली, "ऊठ गं, तोंड धू, मामी वटी भरायला आलीया."

"मला लग्न करायचं नाही," आक्का म्हणाली.

मामा हसले. "आत्ता कुठं करतोय? पुढल्या सालाला करू. आज सुपारी तर फुटू दे."

"पुढल्या वर्षी पण नाही. कधीच नाही."

मामी परडी खाली ठेवून म्हणाली, "बगा! मी म्हनत हुते का न्हाय? तोकडं घालून हुंदडनारी पोरगी चुलीम्होरं बसल व्हय? तुमालाच भाचीचा पुळका."

"शालन," आबांचा आवाज चढला, "मामाचं खाल्लंयस तू. कशाच्या जिवावर झालीस चँपियन?"

"मामांचे पैसे मी फेडीन. नोकरी लागली की फेडीन."

यावर मामा उठून उभे राहिले. "पैसं कोन मागतंय? मी काय सावकार हाय? भनीनं शबुद दिला हुता मला. समद्या गावाला म्हाईत हाय, रघूला बारामतीची पोरगी येनार म्हून. आता रिकामी जीप माघारी न्यू? लोकांनी तोंडात श्यान घालावं माझ्या?"

मी चहाचं ताट धरून आतल्या दारात उभी होते. आक्काने एक बूट खाली ठेवला, दुसरा घेतला, आणि मान वर न करता म्हणाली, "मंदा आहे की."

आधी कोणालाच काही कळलं नाही. मग एकेकाची मान माझ्याकडे वळली. इतकी माणसं एका वेळी माझ्याकडे बघतायत असं कधी झालं नव्हतं. हे म्हणाले, "ही? ही तर बॉल येचती." मामांनी त्यांच्या मांडीवर चापट मारली, "गप ऱ्हा." मामीने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "चांदीचा कप ठरला हुता, आन पितळंचा तांब्या पदरात घालताय व्हय, वन्सं?" आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "कामाला वाघ हाय ती. तक्रार न्हाय करायची." ते माझं कौतुक करत होते. त्यांनी केलेलं तेवढंच कौतुक मला आठवतं.

आईने मला आत ओढून नेलं. माझं परकर-पोलकं काढून ते नवं पोलकं घातलं. डावी बाही बसली, उजवी दंडावरून लोंबायला लागली. आईने सुईदोरा घेतला आणि अंगावरच चार टाके घालायला लागली. मी म्हटलं, "आई, परीक्षेचं?" ती दोरा दाताने तोडत होती. मी पुन्हा म्हटलं, "आई, सातवीचं गं." तेव्हा म्हणाली, "तिकडं काय शाळा न्हाईत व्हय? मामाचं घर हाय, पोटभर खाशील." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण टाके सरळ पडत होते. मी नाही म्हणाले नाही. मला कोणी विचारलंच नाही. मला तेव्हा पंधरावं पण सरलं नव्हतं, पण एक गोष्ट त्या दिवशी कळली. आक्काने नाही म्हटलं आणि सगळ्यांना ते ऐकू आलं, कारण तिच्या मागे कप होते. नाही म्हणायलासुद्धा आधी काहीतरी जिंकलेलं असावं लागतं.

सैल बाहीत माझी ओटी भरली. आक्का मिरवणुकीतला उरलेला पेढा माझ्या तोंडात घालायला आली. म्हणाली, "मामा चांगले आहेत गं. तुला काही कमी पडणार नाही." मी पेढा गिळला. आठ दिवसांनी ती गेली, आबा तिची ट्रंक घेऊन स्टँडवर गेले होते. बाईंची पुस्तकं आईने नेऊन परत दिली. बाईंनी विचारलं असेल काही, आईने सांगितलं नाही.

इंदापूरच्या घरात मला उपाशी कोणी ठेवलं नाही. मामांनी मरेपर्यंत मला पोरी म्हणूनच हाक मारली. यांनीही कधी हात उगारला नाही. पण पेपरात आक्काचा फोटो आला की हे तो ओसरीवर सगळ्यांना दाखवायचे, "आमच्या मेव्हणीबाई," आणि मग जेवायला आत आले की माझ्याकडे न बघता जेवायचे. मामी दर दिवाळीला उसाचं बिल आलं की म्हणायची, "हिच्यापायी किती बिलं गेली, इचारा तिला." माझ्यापायी एक रुपाया गेला नव्हता. मी तेही कधी म्हटलं नाही.

आक्का लग्नाशिवाय राहिली नाही. तिने मनाजोगतं केलं, पुण्यात मुलं शिकवायला कोर्टं काढली, नाव कमावलं. गेल्या साली बारामतीला तिचा सत्कार झाला. मला सुनेने जबरदस्तीने नेलं, आम्ही मागच्या रांगेत बसलो. आक्का माईकवर छान बोलते. मुलांना तिने यशाचे गुण सांगितले, मेहनत, जिद्द, शिस्त, आणि शेवटी म्हणाली, त्याग. "त्यागाशिवाय कोणी चँपियन होत नाही." टाळ्या पडल्या. सून माझ्या कानाशी म्हणाली, "आत्या, किती खरं बोलल्या ना मावशी?" मी म्हटलं, "व्हय." खरंच होतं ते. कोणाचा, एवढंच तिने सांगितलं नाही. तिला आठवत नसणार. तिने मला ढकललं असं तिला वाटतच नाही, तिच्या लेखी तो एक झालेला पॉइंट होता.

सत्कारानंतर पंधरा दिवसांनी ती इंदापूरला आली. बरोबर तो पुस्तकवाला मुलगा. मामी अजून आहे, ओसरीवर बाजेवर पडून असते, ऐकायला कमी येतं. आक्काने पिशवीतून नोटांची पुडकी काढून यांच्यापुढे ठेवली. "मामांचे पैसे. व्याजासकट काढलेत मी. पुस्तकात सगळं स्वच्छ यायला हवं, कोणाचं देणं राहिलं असं व्हायला नको." तो मुलगा मोबाईलवर फोटो काढायला लागला.

मला काय झालं कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या माणसासमोर तोंड उघडलं. "आक्का, ते पैसे फिटलेत. कवाच फिटलेत."

"कधी गं? कोणी फेडले?" तिने खरंच विचारलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, कोरा. ती माझ्याकडे बघत उत्तराची वाट बघत राहिली, तो मुलगाही. हे खाली मान घालून बसले होते, त्यांना माहीत होतं. त्यांनीही सांगितलं नाही.

"तुझं आपलं काहीतरीच," आक्का हसली आणि पुडकी यांच्या हातात दिली. यांनी घेतली.

मामी बाजेवरून ओरडली, "कसलं पैसं रं त्ये?"

हे तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "आक्कानं आनल्यात! बाबांचं देनं! समदं फेडलं!"

मामीने थोडा वेळ डोळे मिचकावले. मग बोट माझ्याकडे करून म्हणाली, "मंग ही कशापायी आली हितं?"

आक्का खळखळून हसली, तो मुलगा हसला, हेही ओशाळल्यासारखे हसले. मी यांच्या हातातून पुडकी घेतली, आत जाऊन कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आणि कपाट लावलं. त्या दिवशी मामांचे पैसे व्याजासकट पूर्ण फिटले.